सटल नाइफ सुरू केलं आणि लेक रुसून बसली, काय करू?

साखरभात

मंडळी, मदत हवीये. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

लेक अकराची, सहावीत. रात्री झोपायच्या आधी अर्धा तास मी तिला पुस्तक वाचून दाखवते, अजूनही. स्वतः मस्त वाचते ती, पण हा अर्धा तास सोडत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही सोडवत नाही. इंग्लिश पुस्तक असेल तर दोन परिच्छेद इंग्लिश आणि अडलं की मराठी अशी आमची खिचडी चालते. दिवाळीच्या सुट्टीत फिलिप पुलमनचं नॉर्दर्न लाइट्स लावलं, तीन पुस्तकांतलं पहिलं, १९९५ चं, अमेरिकेत तेच गोल्डन कंपास नावाने निघालं. काय वेड लागलं म्हणून सांगू! त्या जगात प्रत्येक माणसाचा जीव बाहेर असतो, प्राण्याच्या रूपात, त्याला डीमन म्हणतात, लहान मुलांचा डीमन सारखी रूपं बदलतो आणि मोठं झालं की एका रूपात कायमचा ठरतो. मग काय, घरात सगळ्यांचे डीमन ठरले. बाबाचा पाणघोडा. माझी टिटवी, का ते विचारू नका. चिलखत घातलेल्या अस्वलांची मारामारी तर तिने गादीवर उभं राहून ऐकली.

तर ते संपलं. शेवटी गोष्टीतली मुख्य मुलगी लायरा, तिचा मित्र रॉजर जातो आणि लायरा आभाळात उघडलेल्या वाटेने दुसऱ्या जगात चालती होते. लेक ढसाढसा रडली आणि म्हणाली, लगेच पुढचं. पुढचं म्हणजे सटल नाइफ, १९९७ चं. उघडलं तर लायराचा पत्ताच नाही! विल नावाचा कोणी बारा वर्षांचा मुलगा, आपल्याच जगातला, आईचा हात धरून तिला रस्त्याने ओढत नेतोय. डीमन नाही, अस्वल नाही, बर्फ नाही. दहा पानं ऐकली आणि म्हणाली, "हा कोण? लायरा कुठाय?" म्हटलं येईल गं. "नाही येणार. तू चुकीचं पुस्तक आणलंयस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आज चौथी रात्र, चांदोबाचे जुने अंक चाललेत.

मी स्वतः पुढचं वाचलेलं नाही, तिच्याबरोबरच वाचायचं असं ठरवलंय. हे मधलं गाळून थेट तिसरं, अंबर स्पायग्लास, धरलं तर चालेल का? की रेटू? मधली पुस्तकं अशीच असतात का, नुसती जोडकामाची?

बोका_नंबर_दोन

अहो ताई!!! लायरा पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी येते. अजून थोडी पानं वाचली असतीत तर जिन्याच्या वर विलच्या अंगावर धावून आली असती, अक्षरशः, लाथा-बुक्क्यांनी. तुम्ही बस सुटायच्या आधीच स्टँडवरून घरी आलात.

आज फक्त मांजरापर्यंत वाचा. एक मांजर रस्त्याकडेला हवेत पंजा मारते आणि मग हवेतच नाहीशी होते. त्यानंतर पोरगी तुम्हाला थांबू देते का बघा.

आणि गाळायचं तर नावच काढू नका. तिसऱ्या पुस्तकात विल आणि पुस्तकाच्या नावातली ती सुरी दोन्ही तुम्हाला माहितीयेत असं धरूनच चाललंय. लग्न चुकवून थेट बारशाला गेल्यासारखं होईल.

कोपऱ्यातली_खुर्ची

बोक्याला +१, पण मला जरा वेगळं सांगायचंय. ती दहा पानं तुम्ही घाईघाईत वाचलीत का? म्हणजे लायरा कधी येते, लायरा कधी येते असं करत? कारण मीही तसंच केलं होतं. १९९८ मधे, लायब्ररीतून आणलेलं, कॉलेजात होते. पहिलं प्रकरण चाळलं आणि पुढे पळाले. नंतर भाच्याला वाचून दाखवताना पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा कळलं आपण काय टाकून पळालो होतो.

विल आईला त्याच्या जुन्या पियानोच्या बाईंकडे ठेवायला आणतो. का, ते सांगत नाही, फक्त थोडे दिवस सांभाळा म्हणतो. त्या बाई दार उघडतात, आणि त्यांना दिसतं की आईने एकाच डोळ्याचा मेकअप केलाय, दुसरा डोळा तसाच. आईच्या ते लक्षात नाहीये. आणि विलच्याही नाही. बास, एवढंच. लेखक पुढे काही बोलत नाही. बारा वर्षांचं पोर किती वर्षं हे घर एकटं ओढतंय, कपडे धुवा, जेवण करा, शाळेत कळू देऊ नका, ते सगळं त्या एका डोळ्यात आलं. हे वाक्य मुलीला सावकाश वाचून दाखवा आणि गप्प बसा. अकरा वर्षांच्या मुलीला कळतं हो. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

या आईचा धागा पुढे फार लांब जातो. आता थोडं फोडतेय, ज्यांना नकोय त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. दुसऱ्या जगातल्या त्या चित्तागात्से शहरात स्पेक्टर नावाचं काहीतरी आहे, ते मोठ्या माणसांचं आतलं सगळं खाऊन टाकतं, शरीर उरतं आणि आत कोणी नसतं. लहान मुलांना ते दिसत नाही आणि शिवतही नाही. म्हणून शहरभर नुसती पोरं, मोठं माणूस औषधालाही नाही. तिथे एका तरुण मुलाला स्पेक्टर गाठतात तेव्हा तो भिंतीतले दगड मोजायला लागतो. एकेक दगड हाताने चाचपून, जणू हिशोब पुरा केला तर वाचेन. विलची आईसुद्धा वाईट दिवसांत असंच करायची, बागेच्या कुंपणाच्या प्रत्येक गजाला हात लावायची. विलने हे घरी पाहिलेलं असतं. आणि मग त्याच्या मनात येतं की आपल्या जगातही हेच असेल तर, फक्त आपल्याला दिसत नाही आणि आपण त्याला दुसरी नावं देतो. मला तर तिथे पुस्तक खाली ठेवावं लागलं. आमच्याकडे एक आत्या होती, कुलूप सात-सात वेळा ओढून बघायची, आम्ही पोरं मागून मोजून हसायचो. जाऊ दे.

आणि हो, हलकं पण आहे बरंका. लायराला अंडं फोडता येत नाही, कारण तिच्या जगात ते नोकरांचं काम. विल तिला ऑम्लेट करायला शिकवतो. ती जीन्स घालायला तयार नसते, मुली पँट घालतात का कुठे म्हणून. आणि माझा सगळ्यात आवडता प्रसंग, लायरा त्या खरं सांगणाऱ्या यंत्राला विचारते हा मुलगा कोण, मित्र की शत्रू. उत्तर येतं, खुनी आहे. आणि ती निश्चिंत होते! चला, म्हणजे भरवशाचा माणूस आहे. चिलखतवाल्या अस्वलाबरोबर वाटायचं तसं तिला वाटतं. तुमची लेक इथे हसली नाही तर मला सांगा.

निवृत्त_मास्तर

सर्वांनी एवढी स्तुती केली आहे तर थोडा मिठाचा खडा टाकतो, माफी असावी.

नातवासाठी तिन्ही वाचली. मधलं पुस्तक मला पसंत नाही. कारण साधं आहे, लायराचं काय करून टाकलं! पहिल्या पुस्तकात ही पोरगी म्हणजे आगीचा लोळ, खोटं बोलावं तर हिने, अस्वलांच्या राजाला गंडवते. दुसऱ्यात यंत्र तिला सांगतं की या मुलाला त्याचे वडील शोधायला मदत कर, आणि बाईसाहेब मदतनीस होऊन बसतात. पुढे तर तू सांगशील तेव्हाच यंत्र वाचीन असं कबूल करते. नातीला हे वाचून दाखवताना मला अवघड गेलं असतं.

शिवाय पुस्तक कुठेच संपत नाही. कडेलोटावर नेऊन सोडून देतात. कार्नेगी पदक मिळालं पहिल्याला, व्हिटब्रेडचं वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरलं तिसरं, मुलांच्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मधलं म्हणजे पंगतीतला मधला भात, वाढला म्हणून खायचा.

कोपऱ्यातली_खुर्ची

मास्तर, मधल्या भाताला नावं ठेवू नका, साखरभात मधेच येतो! (धागाकर्तीचं नाव बघा.)

लायराबद्दल अर्धं मान्य. मलाही ती नमती घेते तेव्हा राग आला होता. पण बघा ना, ही मुलगी नुकतीच काय करून आलीये. रॉजरला वाचवायला म्हणून अर्धं जग तुडवलं आणि स्वतःच्या हाताने त्याला बापाच्या दारात नेऊन पोचवलं, तिथे तो मेला. तिला वाटत होतं आपण मदत करतोय. इतकं झाल्यावर कुठलीही पोर आधीसारखी कशी वागेल? आणि ती लगेच शहाणी होतही नाही. यंत्र सांगतं त्या मुलाकडे लक्ष दे, तरी ही स्वतःच्याच कामाला जाते, त्यात पोलीस मागे लागतात, पळताना एका गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या गाडीत बसते आणि यंत्र चोरीला जातं. ते कबूल करणं त्यानंतरचं आहे. घाबरलीये ती. स्वतःलाच घाबरलीये.

कडेलोटाबद्दल मात्र पूर्ण सहमत. तिसरं २००० साली आलं. तोवर वाट बघत बसले होते, माझा राग अजून गेलेला नाही.

रिंगरोड

रच्याकने, ती मांजर नाहीशी होते ती जागा खरी आहे. संडरलंड अ‍ॅव्हेन्यू, ऑक्सफर्डच्या उत्तरेला. मी इथून तासाभरावर राहतो, गेल्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन गेलो होतो. बघण्यासारखं काहीही नाही 😄 मोठा रस्ता, दिवसभर गाड्यांचा घूं आवाज, कडेला हॉर्नबीमची झाडं एका आकारात कापलेली. बायको म्हणाली, हे बघायला पेट्रोल जाळलं? पण धाकटा प्रत्येक दोन झाडांमधे हात घालून बघत होता. एका ठिकाणी म्हणाला, इथे हवा गार आहे बाबा. मीपण हात घातला. आता काय सांगू, गार होती. मला वाटतं लेखकाने जागा मुद्दामच अशी निवडली, जिथे कोणी कध्धी थांबत नाही.

पिट रिव्हर्स म्युझियम मात्र जरूर. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या आतूनच वाट आहे, तिकीट नाही. काचेच्या कपाटांत सगळ्या जगाच्या वस्तू ठासून भरल्यात, आपल्या अडगळीच्या खोलीला शिस्त लावल्यासारखं. लायरा तिथे भोकं पाडलेल्या जुन्या कवट्या बघते आणि यंत्राला त्यांच्याबद्दल विचारते. तिथेच तो म्हातारा भेटतो जो नंतर गाडीत घेतो. पोरांना म्हटलं, अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही, मोठा म्हणाला, "ते सोड, तो पहिल्या पुस्तकातला लॉर्ड बोरिअल होता." म्हणजे धडा काही लागला नाही.

बोटॅनिक गार्डनमधल्या बाकाबद्दल बोलत नाही. तिसरं वाचून झाल्यावर या.

या पुस्तकांवरच्या टीव्ही सिरीजबद्दल कोणी म्हटलं नाही म्हणून सांगतो. २०१९ ते २०२२ अशी तीन सीझनची आहे. त्यांनी तुमचा प्रॉब्लेम आधीच ओळखला होता बहुतेक, विलला पहिल्याच सीझनमधे आणून ठेवलाय, त्यामुळे दुसऱ्यात हा कोण असं होत नाही. पण मला पुस्तकातला धक्काच बरा वाटला.

कैरीचं_पन्हं

पहिल्या पुस्तकातला हीरो दुसऱ्यात गायब, हे पुलमनच्या आधी उर्सुला ले ग्विनने केलंय. विझर्ड ऑफ अर्थसी १९६८ चं, त्यात गेड नावाचा जादूगार. मधलं टूम्स ऑफ अटुआन १९७१ चं, त्यात अर्धं पुस्तक होईपर्यंत गेड नाहीच! टेनार नावाची मुलगी आहे, लहानपणीच घरातून उचलून देवळात आणलेली, आधीच्या पुजारिणीचा पुनर्जन्म म्हणून. नावही काढून घेतात. अर्हा म्हणतात तिला, म्हणजे जिला गिळून टाकलंय ती. देवळाखाली भुयारं, तिथे दिवा न्यायला बंदी, सगळं हाताने चाचपत पाठ करायचं. आणि एक दिवस त्या काळोखात तिला उजेड दिसतो, एक चोर उभा. तो चोर म्हणजे आपला गेड. आपल्याला माहितीये तो कोण, तिला नाही, आणि आपण मात्र तिच्या बाजूने इतके झालेले असतो की क्षणभर आपल्यालाही तो घुसखोर वाटतो. काय खेळ आहे!

त्यामुळे मधलं पुस्तक म्हणजे जोडकाम हे काही पटत नाही. मला तर त्या तीनात मधलंच सगळ्यात आवडतं. (तीनात म्हणजे तेव्हाच्या. १९९० मधे चौथं आलं. टेनारचंच.)

साखरभात

बाप रे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी! रिपोर्ट देते.

बोक्याचं ऐकलं. लेकीला म्हटलं फक्त मांजरापर्यंत, मग चांदोबा. डोळ्याचं वाक्य आलं तेव्हा खुर्चीताईंनी सांगितल्याप्रमाणे थांबले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला बाबा नाहीये का?" म्हटलं माहीत नाही, वाचूया. मांजर आली, गेली, चांदोबा राहिला बाजूला. लायरा जिन्यात आली तेव्हा इतक्या जोरात ओरडली की खालच्या काकूंनी फोन केला.

त्याला आता तीन आठवडे झाले, काल संपलं. मधे जे झालं ते थोडक्यात. खुनी आहे म्हटल्यावर ती हसली नाही हो, खुर्चीताई. म्हणाली, "बरोबर आहे, तिला असाच लागतो." ऑम्लेट रविवारी स्वतः केलं, कवच निघालं त्यात, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. विलची दोन बोटं जातात तिथे मला वाटलं घाबरेल, तर ती म्हणे डाव्या हाताची आहेत ना, मग लिहिता येईल. सुरीने हवा कापायला शिकतो ना तो, सगळं मन सुरीच्या टोकावर नेऊन बसवायचं पण जोर लावायचा नाही, ते तिने लोणी लावायच्या सुरीवर घेतलं. रोज सकाळी डबा भरताना बाईसाहेब स्वयंपाकघरात डोळे मिटून हवेत सुरी धरून उभ्या. बस चुकली एकदा.

मग हवाई फुगा उडवणारा ली स्कोर्सबी आणि त्याची डीमन, सशीण हेस्टर. तिथे मात्र मी वाचू शकले नाही. आवाजच फुटेना. लेकीने पुस्तक हातातून घेतलं आणि उरलेली पानं तिने मला वाचून दाखवली. अडखळत, रडत, पण पूर्ण. पहिल्यांदाच असं उलटं झालं आमच्याकडे.

मास्तर, तुमचा मुद्दा मी तिला विचारला, लायरा त्याचं ऐकते ते तुला चालतं का. तिने जरा विचार केला. "ती ऐकत नाहीये. ती त्याला सोबत करतेय." मला ठरवता येत नाहीये की ती बरोबर आहे का तुम्ही.

एक अडतंय, डीमन आणि डस्ट (त्या गोष्टीतले ते गूढ कण), यांना मराठीत काय म्हणू? मी आपली जीव आणि धूळ म्हणून ढकलते, पण धूळ म्हटलं की तिला झाडू आठवतो.

निवृत्त_मास्तर

मुलीचं उत्तर वाचलं. माझ्या नातवाला हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. हरकत मागे घेत नाही, पण आवाज खाली करतो.

डीमनला 'प्राण' म्हणा की. आपल्याकडे प्राण आणि प्राणी शेजारीच राहतात, इंग्लिशला ही सोय नाही. माझा प्राण तो हा प्राणी, एका वाक्यात काम झालं.

डस्टला 'रज'. रजःकण म्हणजे धूळ आणि परागही. आणि स्त्रीच्या पाळीलाही संस्कृतात रजच म्हणतात. त्या गोष्टीत मुलं वयात येऊ लागली की डस्ट त्यांच्यावर बसू लागते, प्राणाचं रूप ठरतं, आणि धर्मसत्ता त्यालाच पाप समजून घाबरते. एवढं सगळं दोन अक्षरांत मावतं. अकराच्या मुलीला कितपत सांगायचं ते तुम्ही आई आहात, ठरवा.

कोपऱ्यातली_खुर्ची

मास्तर, साष्टांग. रज!! एवढी वर्षं हे पुस्तक डोक्यात घेऊन फिरतेय आणि हे कधी लक्षात आलं नाही. मधल्या भातावरचे सगळे गुन्हे माफ.

साखरभात

मास्तर, आजच रात्री वापरते. पाळीबद्दल आमचं बोलणं झालंय आधीच, त्यामुळे रज तर ती उचलूनच धरेल.

आता खरी अडचण. काल शेवटचं पान वाचून तिने पुस्तक उलटं करून झटकून बघितलं, आतून आणखी पानं पडतात का म्हणून. अंबर स्पायग्लास घरात आहे असं मी तीन आठवडे सांगत होते. नाहीये. जुन्या पुस्तकवाल्याकडून सेट म्हणून घेतला होता, घरी येऊन गठ्ठा सोडलाच नव्हता, काल सोडला तर तिसरं म्हणून नॉर्दर्न लाइट्सचीच दुसरी प्रत निघाली. ऑनलाइन पाच दिवस दाखवतंय. ती सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही, टिटवी अशी हाक मारतेय फक्त. ठाण्यात कोणाकडे आहे का?

बोका_नंबर_दोन

आहे. ठाणे पश्चिमलाच राहतो. पाचशे पानांची वीट आहे आणि सुरुवातीच्या पानांवर चहा सांडलेला, पण वाचता येतंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी आणून देतो.

बदल्यात ती नॉर्दर्न लाइट्सची जास्तीची प्रत मला. माझी बहिणीने ढापलीये.